घरच्या यंत्रांची निगा : विजेची चाकाची खुर्ची

ज्या वस्तूवाचून घरातील एखाद्या माणसाचे जाणे-येणेच खुंटते, तिची जुजबी विद्या घरात असावी, की ती सर्वस्वी बाहेरच्या कारागिराच्या सवडीवर सोडावी, हा या खेपेचा आमचा विषय आहे. मिक्सर बिघडला तर पाटा-वरवंटा आहे. पंखा बंद पडला तर खिडकी आहे. परंतु विजेवर चालणारी चाकाची खुर्ची अडली, म्हणजे तिच्यावर बसणाऱ्याचे पायच अडले. जो मनुष्य आपल्या इच्छेने देवघरापासून दिवाणखान्यापर्यंत हिंडत होता, त्याला प्रत्येक वेळी कोणाला तरी हाक मारावी लागते. आणि ही परवशता पुष्कळदा मूळ व्यंगाहूनही अधिक जाचते.

आम्हां पांढरपेशांच्या घरांत पुस्तक हाती धरण्यास जितकी उत्सुकता, तितकीच पाना हाती धरण्यास अनिच्छा, ही खोड जुनी आहे. वस्तुतः हे यंत्र दिसते तितके गूढ नाही. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी कॅनडातील अभियंते जॉर्ज क्लाइन यांनी अशा खुर्चीची रचना केली. आजच्या बहुतेक खुर्च्यांतही मुख्य अवयव मोजकेच असतात : दोन बॅटऱ्या, दोन चाकांस दोन स्वतंत्र मोटारी, आणि हातातील दांडीची खूण ओळखून त्या मोटारींना कमीअधिक वीज देणारी पेटी.

बहुतेक तक्रारींचे मूळ शोधताना प्रथम बॅटरीकडे पाहावे. सामान्यतः १२ व्होल्टच्या दोन शिशाच्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट साधलेले असतात. शिशाच्या बॅटरीला उपाशी ठेवणे मानवत नाही. ती उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली, तर आतील पत्र्यांवर कठीण थर धरतो आणि तिची धारणाशक्ती कायमची घटते. म्हणून खुर्ची थोडी वापरली असली तरी रोज रात्री ती चार्जरला लावावी, आणि चार्ज पुरा होण्यापूर्वी काढू नये. पूर्ण भरलेली बॅटरी काही तास विसावल्यावर मल्टिमीटरवर सुमारे १२.७ व्होल्ट दाखविते, १२.२ च्या आसपास ती अर्धी उतरलेली समजावी. विसाव्यात आकडा चांगला, पण खुर्ची चालू लागताच एका बॅटरीचा आकडा दुसरीपेक्षा फारच कोसळतो, असे दिसल्यास ती बॅटरी थकली असे जाणावे. मात्र बदलताना दोन्ही एकदमच बदलाव्यात. जुनी व नवी यांचा जोडा टिकत नाही. लिथियम बॅटरीचे नियम निराळे असतात. तेथे निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणेच चालावे.

बॅटरीला हात लावण्यापूर्वी खुर्ची बंद करून बॅटरीची जोडणी सोडवावी. अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र उतरवून ठेवावे, व पान्याच्या मुठीला विजेच्या कामाची चिकटपट्टी गुंडाळावी. बॅटरीच्या दोन टोकांना धातू एकदम टेकला, तर क्षणात तापून हात भाजतो. तारा सोडण्याआधी त्यांचे छायाचित्र घ्यावे, म्हणजे पुन्हा जोडताना घोटाळा होत नाही.

आता चाकांकडे वळू. पुढच्या लहान चाकांच्या आसाभोवती केस व दोरे गुंडाळले जाऊन खुर्ची जड चालू लागते. ते महिन्यातून एकदा कापून काढावेत. हवेची चाके असल्यास टायरवर छापलेल्या आकड्याइतकी हवा ठेवावी. एकीकडची हवा कमी झाली, की खुर्ची त्या बाजूस ओढते. खुर्ची मुळीच हलत नसेल, तर मोटारीजवळची मोकळीक देणारी कळ प्रथम पाहावी. कोणी खुर्ची ढकलून नेली असल्यास ती कळ तशीच राहते व मोटार चाकाला जोडलेली नसते. उतारावर ही कळ कधीही सोडू नये. त्या वेळी खुर्चीला मोटारीचा ब्रेक नसतो.

पावसाळ्यात दांडीच्या बुडाशी असलेले रबरी आवरण तपासावे. त्याला चीर गेली, तर पाणी किंवा सांडलेला चहा थेट आत उतरतो. नवे आवरण मिळेपर्यंत प्लॅस्टिकची पिशवी बांधावी. दांडीजवळचे दिवे लुकलुकू लागल्यास घाबरून न जाता ते किती वेळा लुकलुकतात ते मोजावे. बहुधा त्या संख्येचा अर्थ पुस्तिकेत दिलेला असतो, आणि पुष्कळदा दोष सैल झालेल्या जोडणीपलीकडचा नसतो.

तथापि चार्जरचे पोट, दांडीची पेटी, मोटारीचा ब्रेक, लिथियमचा संच आणि वेगाची मांडणी ही उघडण्याची जागा नव्हे. तेथे जाणकारच बोलवावा. पण जाणकारालाही सुटे भाग व माहिती मिळाली पाहिजे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०२२ साली कायदा करून विजेच्या खुर्च्यांचे सुटे भाग, हत्यारे व दुरुस्तीची माहिती मालकांस व स्वतंत्र कारागिरांस देणे निर्मात्यांवर बंधनकारक केले. तो १ जानेवारी २०२३ पासून अमलात आला. आपल्याकडे खुर्ची घेताना निदान पुस्तिका, बॅटरीचे माप आणि सुट्या भागांचा पत्ता दुकानदाराकडून आग्रहाने मागून घ्यावा.

शेवटी एक गोष्ट हत्यारांहून महत्त्वाची. खुर्ची ज्याची, त्याला विचारल्यावाचून तिला हात लावू नये. दुरुस्तीच्या वेळी त्यालाच प्रमुख करावे. कोठे खडखडते, कोणत्या वळणावर अडते, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक नसते. कागदावर तारखा व दोष त्याने नोंदावेत, घरच्या तरुण मुला-मुलींनी त्याच्या सांगण्याप्रमाणे पाना चालवावा. अशाने खुर्ची तर चालेलच. शिवाय घरातील एका माणसाचा अधिकार त्याच्या हाती राहील, आणि आमच्या मते खरी दुरुस्ती हीच होय.