विषाचं चातुर्वर्ण्य

वर्ण म्हणजे रंग. हे आधी नीट ध्यानात घ्या, मग चित्रकलेवर बोला. या देशात रंगांचा तक्ता चित्रशाळेत तयार झालेला नाही. तो महाभारताच्या शांतिपर्वात छापूनच ठेवलाय. भृगू सांगतो, ब्राह्मण पांढरा, क्षत्रिय तांबडा, वैश्य पिवळा, शूद्र काळा. समोर बसलेला भरद्वाज त्याला तिथंच अडवतो, की बाबा, सगळ्या वर्णांत सगळे रंग मिसळलेले दिसतात, घाम सगळ्यांनाच येतो, भूक सगळ्यांनाच लागते, मग फरक करायचा कशावरनं? प्रश्न रोकडा होता. तक्ता मात्र तसाच राहिला. आणि मनुस्मृती तर रंगाची नि कपड्याची फौजदारच. दहावा अध्याय काढा. चांडाळानं मेलेल्याच्या अंगावरचे कपडे घालावेत असा हुकूम आहे. त्याच अध्यायात ब्राह्मणानं विकू नये अशा मालाची यादी आहे, तिथं दारू, नीळ आणि लाख एका ओळीत बसवलीत. नीळ! दारूच्या शेजारी. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांच्या साक्षीनं ते पुस्तक जळलं, पण पुस्तक जळून तक्ता जळत नाही, तो डब्यावर येऊन बसतो. कुठल्या डब्यावर, ते सांगतो.

मागं काळा घोड्याला एका गॅलरीत निळ्या रंगावर भाषण होतं. गोदीतली पाळी संपवून मी तसाच गेलो. बोलणारा आपलाच, चांगला शिकलेला. निळ्याचं आकाश, निळ्याची खोली, निळ्याचं मौन, असं पाऊण तास चाललं. वाईट नव्हतं. मीही कविता करतो, माझ्याही कवितेत निळा येतो. १९४२ साली नागपुरात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन उभं राहिलं, तिथपासून आपल्या तीन पिढ्यांनी खांद्यावर वागवलेला तो रंग आहे, तो येणारच. पण त्या वातानुकूलित खोलीत एकानंही विचारलं नाही, की झेंडा सोडून हा निळा आपल्या माणसाच्या हातात आणखी कशावर छापून येतो?

कीटकनाशकाच्या डब्यावर येतो, दोस्तहो.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, कळंब तालुक्यातला. २०१७ चा पावसाळा आमच्याकडं कोणी विसरलेलं नाही. कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली. पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली. फवारा वर मारायचा, म्हणजे तो तोंडावरच येणार. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं मेली आणि शेकडो यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात पडली. काहींची दृष्टी काही दिवस गेली. उघड्या डोळ्यांनी अंधार. मेले ते कोण, हे यादी न बघता सांगता येतं, मजूर आणि दोन-चार एकरवाले. दुसऱ्याच्या वावरात रोजीनं पंप पाठीवर घेणारा हा बहुतेक आपला नाहीतर कोलाम, गोंड, बंजारा. मग मुंबईच्या टीव्हीवर सूट घालून माणसं बसली आणि म्हणाली, मजुरानं हातमोजे घातले नाहीत, मास्क लावला नाही, लेबल वाचलं नाही.

लेबल वाचलं नाही. या तीन शब्दांसाठी मी हा लेख लिहितोय.

लेबल असतं कसं? कायदा १९६८ चा, नियम १९७१ चे. एक चौकोन टोकावर उभा करायचा, शंकरपाळ्यासारखा. त्याचे आडवे दोन भाग. वरच्या त्रिकोणात कवटी किंवा इशाऱ्याचा शब्द, खालच्या त्रिकोणात रंग. तांबडा म्हणजे अति जहाल. पिवळा म्हणजे जहाल. निळा मध्यम. हिरवा सौम्य. मोजा. चारच, आणि वरून खाली उतरत्या पायऱ्यांनी! दोष एकट्या दिल्लीचा नाही, युनोच्या शेती संघटनेच्या शिफारशीतही हेच चार रंग आहेत; पण दिल्लीला हे इतक्या सहज पचलं याचं मला नवल वाटत नाही. चातुर्वर्ण्य पचवलेल्या पोटाला चार रंग काय जड! आणि पाचवा, चारांच्या बाहेरचा, अवर्ण? तो पंप घेऊन वावरात उभा आहे.

आता रंग कळण्याची गोष्ट करू. तुमची चित्रकलेची पुस्तकं करतात तशीच, पण कळंबच्या वावरात उभं राहून. पिवळा बघून आमच्या बाईला काय आठवतं? हळद. लग्नात अंगाला लावायची, जखमेवर दाबायची. हिरवा म्हणजे पीक, हिरवा म्हणजे चुडा. निळा म्हणजे जयभीम. तांबडा तेवढा कुठंतरी धोका सांगतो, तोही कुंकवाच्या डबीशी भांडून. चारातले तीन रंग आमच्याकडं चांगल्याचे, मंगलाचे, आपुलकीचे, आणि तुम्ही त्यांना मरणाच्या पायऱ्या सांगायला उभं केलंत. कोणाला विचारलंत?

दुसरं म्हणजे, रंगांना आपोआप क्रम नसतो. निळा हा पिवळ्याच्या खाली का? ज्याला पाठ आहे त्यालाच कळणार. क्रम दाखवायचा तर एकाच रंगाची फिक्याकडून गडदाकडं चढण पाहिजे. गडद म्हणजे जास्त, हे चहा पिणाऱ्या कुणालाही कळतं. नाहीतर पट्टे पाहिजेत. एक पट्टा, दोन पट्टे, तीन, चार. पट्टे मोजता येतात. ठसठशीत उठवले तर अंधारात बोटानं चाचपता येतात. उन्हात रंग उडाला तरी पट्टे उरतात. लाल-हिरव्यातला फरक ज्याला दिसतच नाही, असेही पुरुष असतात, त्यालाही मोजता येतात. नक्षी म्हणजे भिंतीवरची हौस नाही, नक्षी म्हणजे मोजमाप, हे गोधडी शिवणाऱ्या माझ्या आजीला माहीत होतं; नियम लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं.

तिसरं. फ्रान्समध्ये शेव्रल नावाचा एक रसायनवाला होता, पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाईचा मुख्य. तक्रार आली की काळा धागा फिका पडतो, रंग खोटा आहे. त्यानं तपासलं. काळा ठीक होता. शेजारच्या धाग्यांचे रंग त्याला खात होते. त्यावर त्यानं १८३९ साली जाडजूड ग्रंथ लिहिला आणि पुढं मोठमोठे चित्रकार तो घोकत बसले. म्हणजे रंगाचं शास्त्र कारखान्यातल्या तक्रारीतून निघालंय, गॅलरीतून नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो. आता त्याचा नियम आमच्या डब्याला लावा. अख्ख्या लेबलावर टवटवीत पऱ्हाटी, पांढरीशुभ्र बोंडं, हसणारा फेटेवाला शेतकरी, कंपनीचं झळकतं नाव, आणि कोपऱ्यात शंकरपाळं. कायद्यानं त्याला लेबलाच्या दर्शनी भागाचा सोळावा हिस्सा पुरतो. शंभर मिलीच्या बाटलीवर तो अंगठ्याच्या नखाएवढा होतो. हिरव्या पानांच्या गर्दीत हिरवा त्रिकोण! लेबल वाचलं नाही म्हणे. तुम्ही ते न वाचण्यासाठीच रंगवलंय.

मी गोदीत काम करतो, म्हणून मला हे जास्त टोचतं. आमच्याकडं धोक्याच्या मालाच्या कंटेनरवर असंच शंकरपाळं असतं. पण केवढं? बाजू पंचवीस सेंटिमीटर, वीतभराच्या वर, आणि कंटेनरच्या चारी अंगांना. लाल म्हणजे पेट घेणारं द्रव. निळं म्हणजे पाणी लागलं की भडकणारं. हिरवं म्हणजे न जळणारा दाबातला वायू. पांढऱ्यावर तांबडे उभे पट्टे म्हणजे पेट घेणारा घन माल. विष म्हणजे पांढऱ्यावर काळी कवटी, बाकी फुलपाखरं नाहीत, पऱ्हाटी नाही. रंगाबरोबर चित्र, चित्राबरोबर आकडा. एक कळलं नाही तर दुसरं कळतं. तेच औषध समुद्राला घातक असेल तर आणखी एक शंकरपाळं लागतं, मेलेला मासा आणि वठलेलं झाड, तेही वीतभर. माशासाठी वीतभर, चारी बाजूंनी! घाटंजीच्या मजुरासाठी नखाएवढं. आता याला रंगसंगती म्हणायचं की जातसंगती, ते समीक्षकांनी ठरवावं.

आणि गंमत बघा. कंटेनरवरचा लाल म्हणजे आग, बाटलीवरचा लाल म्हणजे जहाल विष. तोच आकार, तोच रंग, अर्थ वेगळा. कंटेनर रिकामा करताना माझ्या हातात दोन्ही येतात.

गोदीचा आणि या कायद्याचा जुना संबंध आहे, तो आपल्या पोरांना ठाऊक असावा. १९५८ साली केरळात शंभराहून जास्त माणसं भाकरतुकडा खाऊन मेली. जहाजात पिठाच्या गोण्या आणि फॉलिडॉल नावाचं कीटकनाशक जवळजवळ रचलं होतं. ते गळलं, गोण्यांत झिरपलं. चौकशी आयोग बसला आणि पुढं दहा वर्षांनी १९६८ चा कायदा आला. म्हणजे शंकरपाळ्याच्या मुळाशी जहाजाचं पोट आहे. तिथं माल रचणाऱ्याला खूण कळायला पाहिजे, एवढी अक्कल जगाला आली. तोच माल फोडून, बाटलीत भरून यवतमाळला गेला की अक्कल गोदीच्या फाटकातच राहते.

माझा मामा सालदार होता, आता रोजीनं जातो. त्याला मी फोनवर विचारलं, "मामा, फवाऱ्याच्या आधी डब्यावरचा रंग पाह्यता का?" मामा म्हणाला, "डब्बा मालक पाह्यते. मले तं ड्रमातलं पानी कालवून देते. ड्रम निया हाय."

ऐकलंत? ड्रम निया हाय. निळ्याचं मौन म्हणतात ते हेच असावं.

म्हणजे ज्याच्या छातीत ते जाणार, त्याच्या डोळ्यापुढं लेबल येतच नाही. त्यात त्या ड्रमात दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली. (औषध! विषाला औषध म्हणायची आमच्याकडची रीत, कृषी केंद्रातली पाटीही तेच म्हणते.) तांबड्यात हिरवा पडला तर त्रिकोण कुठल्या रंगाचा? तक्त्यात उत्तर नाही. तक्त्याला संकर चालत नाही, हाही जुनाच गुण. आणि वर्गवारी होते ती जनावराच्या पोटात किती गेलं आणि कातडीवर किती लागलं यावरनं. नाकातून किती गेलं याचा रकानाच त्या नियमात नाही, आणि यवतमाळची माणसं तर नाकातोंडातच फवारा घेऊन पडली.

२०२० साली यवतमाळच्या एक्कावन्न बाधितांच्या बाजूनं थेट स्वित्झर्लंडमध्ये तक्रार गेली. कोर्टकचेरी ज्यांना जमते त्यांनी ती लढवावी, त्यांना माझा सलाम. मी इथं चित्र काढणाऱ्यांशी, अक्षरं आखणाऱ्यांशी, आपल्यातल्या जे.जे.त शिकलेल्या आणि नाक्यावरच्या फ्लेक्सच्या दुकानात संगणकावर बसणाऱ्या दोस्तांशी बोलतोय. जयंतीच्या बॅनरवर निळ्याच्या चाळीस छटा तुम्ही रात्रीत उभ्या करता. ते हात मला पाहिजेत. काम असं. एक खूण, जी डब्यावर तर असेलच पण ड्रमावर, पंपावर, वावराच्या बांधावरही चिकटेल. कवटी सगळ्या विषांवर, सौम्य असो की जहाल. पट्टे मोजता येतील असे. लेबलाचा निम्मा भाग तिचा, सोळावा नव्हे. कालवलेल्या मालासाठी वेगळी खूण. अक्षरं मराठीत, कोलामीत, गोंडीत, गोरमाटीत. आणि ती ठरवताना पहिली बैठक पुण्यामुंबईत नको.

काढलेली खूण घेऊन कळंबला या, मी रजा टाकून येतो. फवारून परतणाऱ्या दहा माणसांना, निम्म्या बायांना, संध्याकाळी उजेड पडता पडता वीस पावलांवरून ती दाखवायची आणि विचारायचं, हे काय सांगतं? दहातल्या एकाला जरी कळली नाही तरी फाडायची आणि दुसरी काढायची. जूनमध्ये पेरणी आहे. फवारे जुलैपासून सुरू होतात.