मुंबईला चला, पण हिशेबाची वही घेऊन



पंचवटीच्या जिल्हा बैठकीपुढे एक विषय आहे: मुंबईची सहल. कापसाची वेचणी आटोपली, दादर निसवली, की चार दिवस मोकळे मिळतात. तेवढ्यात राजधानी पाहून यावी, असे काही तालुक्यांनी कळवले आहे. कळवले ते बरेच केले. पण सोबत जो कार्यक्रम आला आहे तो असा: गेटवे ऑफ इंडिया, राणीची बाग, सिद्धिविनायक, चौपाटीवर भेळ, मधल्या वेळेत आमदारसाहेबांच्या ओळखीने मंत्रालय, साहेबांसोबत फोटो, आणि आमदार निवासात जेवण. गाडीखर्चाचे काय, तर एक बियाणे विक्रेता म्हणतो, 'मी बघून घेतो.'

या कार्यक्रमाला आमचा विरोध आहे. मुंबईला जाण्याला नाही, असे जाण्याला.

कोणी म्हणेल, शेतकऱ्याने जन्मात एकदा समुद्र बघू नये काय? जरूर बघावा. बायकापोरांना घेऊन, स्वतःच्या पैशाने बघावा. पण जो गाडीखर्च देतो तो फुकट देत नाही. विक्रेता देतो तो पुढच्या मृगाला पाकिटावर वसूल करतो, पुढारी देतो तो मतपेटीत वसूल करतो. आणि ज्याच्या गाडीत बसून गेलो त्याच्या तोंडावर त्याला अडचणीचा प्रश्न विचारायची आपल्याला लाज वाटते. गाडी त्यासाठीच तर दिलेली असते.

दर्शन वेगळे, हक्क वेगळा

आपण पंचवटीत जमतो आहोत. इथे दर्शनाला येणाऱ्यांची कमी नाही. सिंहस्थ आला की कोणता आखाडा कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोणत्या घाटावर उतरणार, हे आधी कागदावर ठरते. २०२७ च्या सिंहस्थासाठी सरकार कितीतरी आधी कामाला लागले. एका स्नानासाठी एवढी आखणी! आणि ज्या राजधानीत आपल्या पिकाच्या नशिबाचे कागद फिरतात तिथे आपण निघतो ते 'गेल्यावर बघू' म्हणत.

पण पंचवटीने आणखी एक गोष्ट पाहिली आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला. ती माणसे देवाकडे नवस बोलायला आली नव्हती. दार उघडा, आत येणे हा आमचा हक्क आहे, हे सांगायला आली होती. त्याच बाबासाहेबांनी १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातल्या कुळांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. त्याआधी, सप्टेंबर १९३७ मध्येच, खोती रद्द करण्याचे विधेयक त्यांनी सभागृहात मांडले होते. कागद आधी गेला, माणसे मागून गेली. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली. पण मागणी काय आणि कोणापुढे, याबद्दल कोणाच्या मनात घोटाळा नव्हता. राजधानीला जायचे ते असे.

हे दगड कोणाच्या कापसाचे?

तरीही मुंबईच्या इमारती पाहाच, असा आमचा आग्रह आहे. पण त्या आपल्या डोळ्यांनी पाहा.

पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी निघालो की दुपारच्या आत बोरीबंदरला उतरतो. ज्या रेल्वेने आपण कसारा घाट उतरतो ती घाटावर चढवली, नागपूरपर्यंत नेली, खामगावला १८७० मध्ये फाटा काढला, त्यामागे मोठे कारण कापूस बंदरावर आणण्याचे होते. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा त्यासाठी लकडा होता. स्टेशनबाहेर पडून दक्षिणेला चालत निघा. आजचे हॉर्निमन सर्कल आहे तिथे एके काळी उघडे मैदान होते आणि त्यावर कापसाच्या गाठींचे ढीग लागत. त्यालाच कॉटन ग्रीन म्हणत. १८४४ मध्ये तो बाजार कुलाब्याला गेला, नंतर शिवडीकडे.

तिथून ओव्हल मैदानाकडे वळा. समोर मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर. हा मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला. पैसा दिला प्रेमचंद रायचंद या कापसाच्या आणि शेअरच्या बड्या व्यापाऱ्याने, आईचे नाव राहावे म्हणून. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस अडला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. युद्ध संपताच भाव कोसळला. मुंबईतही अनेक पेढ्या बुडाल्या, पण शहराच्या पदरात मनोरे राहिले. दख्खनच्या शेतकऱ्याच्या पदरात काय राहिले? वाढीव शेतसारा आणि सावकाराची खते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी तीच खते हिसकावून जाळली. इकडे मनोऱ्यावर दगड चढत होते, तिकडे खतांची होळी होत होती. मार्गदर्शक टॉवरची उंची सांगेल. त्याला ही दुसरी गोष्ट तुम्ही सांगा.

कोणत्या दाराशी कोणता प्रश्न

आता मुख्य काम. आपण दिल्लीचा प्रश्न मुंबईत विचारतो, मुंबईचा पुण्यात, आणि तहसीलचा मंत्र्याला. मग प्रत्येक जण 'हे आमच्याकडे नाही' म्हणायला मोकळा. दार चुकले की दिवस बुडाला. म्हणून दारे नीट ओळखून घ्या.

हमीभाव दिल्लीत जाहीर होतो. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये आणि संकरित ज्वारीला ३,६९९ रुपये क्विंटल ठरले. कापूस पिकवण्याचा खर्च धरला ५,१४० रुपये, ज्वारीचा २,४६६. त्याची दीडपट केली की झाला हमीभाव. या खर्चात घरच्या माणसांची मजुरी धरली आहे, पण स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या स्थिर भांडवलाचे व्याज धरलेले नाही. हा भाव ठरवताना राज्याचेही म्हणणे मागवले जाते. ते म्हणणे मंत्रालयातून जाते. तेव्हा मंत्रालयात 'भाव वाढवा' म्हणू नका. विचारा: आमच्या राज्याने दिल्लीला कापसाचा आणि ज्वारीचा खर्च किती कळवला? तो कोणत्या शेतांवरून काढला? त्या कागदाची प्रत द्या.

कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्ट २०२५ पासून माफ झाले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमका आपला कापूस बाजारात यायच्या वेळी दार उघडे. हा निर्णयही दिल्लीचा. मुंबईत विचारायचे ते एवढेच: राज्याने त्यावर हरकत लेखी घेतली काय? घेतली असेल तर जावक क्रमांक सांगा.

पीक विम्याचे दार मात्र मंत्रालयातच आहे. २०२३ च्या खरिपात आलेली एक रुपयाची योजना २०२५ च्या खरिपात राज्याने बंद केली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर आणून ठेवली. आपल्या मंडळात कापणी प्रयोग कोणत्या गटात झाले, उत्पन्न किती निघाले, हे कागद मागा.

कापूस निगम, म्हणजे सीसीआय, यांचे मुख्य कार्यालय नवी मुंबईत बेलापूरच्या कपास भवनात आहे. ओलावा ८ टक्के हे त्यांचे प्रमाण. १२ टक्क्यांपर्यंत भाव कापून घेतात, त्यापुढे गाडी परत. ओलावा मोजणारे यंत्र कोण तपासते, किती दिवसांनी तपासते, आणि आकडा पावतीवर लिहून मिळतो की नाही, हे तिथे विचारा. २०२५ मध्ये नोंदणी 'कपास किसान' या मोबाईल ॲपवर गेली. ज्याच्याकडे साधा फोन आहे त्याने काय करावे, हेही विचारा.

बेलापूरच्या वाटेवर, त्याच हार्बर लाईनवर, कॉटन ग्रीन स्टेशन लागते. तिथे कापूस बाजाराची जुनी इमारत उभी आहे. मुंबईचा व्यापारी कापसाचा भाव क्विंटलवर बोलत नाही. तो रुईचा भाव खंडीवर बोलतो, आणि खंडी म्हणजे ३५६ किलो रुई. उतारा ३४ टक्के धरला तर एका खंडीला सुमारे साडेदहा क्विंटल कापूस लागतो आणि वर साडेसहा क्विंटलहून जास्त सरकी उरते. खंडीच्या भावात सरकीचे पैसे मिळवा, जिनिंगचा खर्च आणि वाहतूक वजा करा, साडेदहाने भागा. मग आपल्या हातात काय पडायला हवे होते ते कळेल. हे गणित ज्याला येत नाही त्याला रोजचा भाव ऐकून उपयोग नाही.

माटुंग्याला १९२४ पासून केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. धाग्याची लांबी, ताकद, तलमपणा तिथे यंत्रावर मोजतात. आपल्या गावचा नमुना सोबत न्या, आधी पत्र लिहून वेळ घ्या. प्रत व्यापाऱ्याच्या चिमटीत ठरू द्यायची नसेल तर प्रत म्हणजे काय ते आपल्याला कळलेच पाहिजे.

आणि हेही लक्षात ठेवा: कृषी आयुक्त पुण्यात बसतात, महसूल विभागीय आयुक्त नाशिकरोडला. सातबाऱ्याची दुरुस्ती, पीक पाहणी, पंचनामा ही ओझी मुंबईपर्यंत वाहू नका.

'मोर्चाच हवा' म्हणणाऱ्यांना

आमचे काही तरुण कार्यकर्ते म्हणतात, हे कारकुनी उद्योग कशाला? रस्त्यावर उतरा. आम्ही रस्त्याला कमी लेखत नाही. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघालेली शेतकरी-आदिवासींची पायी रांग सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला आझाद मैदानावर पोचली. दहावीच्या पोरांची परीक्षा चुकू नये म्हणून शेवटचा टप्पा रात्रीच चालून काढला. सरकारला लेखी आश्वासन द्यावे लागले. पण मार्च २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यातूनच पुन्हा पायी निघावे लागले, आणि मागण्यांत जुन्याही होत्या. मोर्चाने कागद मिळतो. तो कागद कोणत्या टेबलावर अडला हे मोर्चाला दिसत नाही. ते बघायला दर दोन महिन्यांनी दहा माणसे जावी लागतात.

२५ जानेवारी २०२१ चेही उदाहरण घ्या. हजारो शेतकरी आझाद मैदानावर जमले, निवेदन राज्यपालांना द्यायचे होते, आणि राज्यपाल त्या दिवशी गोव्यात होते. आपण मात्र ज्याला भेटायचे तो त्या दिवशी गावात आहे की नाही, याची लेखी खात्री करूनच गाडीत बसायचे.

आणि एकट्याने तर कोणीही जाऊ नये. जानेवारी २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या एका वृद्ध शेतकऱ्याने जमिनीच्या मोबदल्यासाठी खेटे घालून थकल्यावर मंत्रालयातच विष घेतले आणि पुढे रुग्णालयात प्राण सोडला. पुढच्याच महिन्यात मंत्रालयाच्या चौकात जाळी बसली, वरून कोणी उडी मारू नये म्हणून. जाळी बांधून झाली. त्या म्हाताऱ्याला किती टेबलांवरून फिरवले, याचा जाब कोणी विचारायचा? आपल्या माणसाबरोबर आपण असू, एवढे तरी आपल्या हातात आहे.

बैठकीपुढे ठराव

एक. सहल नको, भेट हवी. दर तालुक्यातून दोन माणसे, त्यात एक बाई. वेचणी आणि निंदणीचा हिशेब बायकांच्या तोंडी असतो.

दोन. खर्च वर्गणीचा. विक्रेत्याचा नको, पुढाऱ्याचा नको.

तीन. वेळ जानेवारीची. डिसेंबरात अधिवेशनासाठी सरकार नागपुरात असते. खरिपाच्या भावाचे काम पेरणीच्या कितीतरी आधी, हिवाळ्यातच सुरू होते. जूनमध्ये गेलो तर भाव जाहीर होऊन गेलेला असतो.

चार. प्रत्येकाने एक एकर कापूस आणि एक एकर ज्वारीचा खरा हिशेब वहीत आणायचा. नांगरट, वखरपाळी, बियाणे, खत, फवारणी, निंदणी, वेचणी, वाहतूक, जमिनीचा खंड, कर्जाचे व्याज, घरच्या माणसांची आणि बैलांची रोजंदारी. तारखेसह, पावतीसह. ज्वारीत कडब्याचे उत्पन्नही लिहायचे. आपला आकडा फुगवलेला निघाला तर खरा आकडाही खोटा ठरतो.

पाच. माहिती अधिकाराचे अर्ज महिनाभर आधी टाकायचे, म्हणजे उत्तर हातात घेऊनच जाता येईल. मंत्रालयात सामान्य माणसाला दुपारी दोननंतर आत सोडतात. मोबाईलवरची नोंदणी आणि मूळ ओळखपत्र घरूनच तयार ठेवायचे.

सहा. कोणताही कागद पोच घेतल्याशिवाय द्यायचा नाही. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. फोटोत साहेब नसले तरी चालतील, पोचेवर शिक्का हवा.

बंधूंनो, आपल्या एकरी खर्चाचा आकडा राजधानीत लिहिला जातो. तो लिहिताना आपली वही तिथे नसते. म्हणून त्यात नवऱ्याबरोबर राबणाऱ्या बाईची मजुरी किती धरली, बाप-आज्याने राखलेल्या जमिनीचा खंड का सोडला, हे आपल्याला कोणी विचारत नाही. आता न विचारताच आपण सांगायला जायचे आहे. बैठकीला येताना वही घेऊन या. पहिले पान पंचवटीतच भरू.