मसुऱ्यातल्या घरासाठी कन्सोल

टीव्हीला जोडून खेळायच्या कन्सोलची तुलना सहसा आकड्यांवरून होते. कुणाचा प्रोसेसर वेगवान, कुणाची मेमरी जास्त, कुणाचं चित्र रेखीव, याचं कोष्टक मांडलं की निकाल लागला असं मानतात. कन्सोलचा इतिहास मात्र या कोष्टकाच्या विरुद्ध साक्ष देतो. सोनीने २००० साली आणलेल्या प्लेस्टेशन २ चा प्रोसेसर सुमारे २९४ मेगाहर्ट्झचा होता, तर मायक्रोसॉफ्टने पुढच्याच वर्षी काढलेल्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये ७३३ मेगाहर्ट्झचा होता. वेगळ्या जातीच्या दोन प्रोसेसरची अशी तुलना काटेकोर नव्हे, पण पडद्यावरच्या चित्रातही एक्सबॉक्स उजवाच होता. तरी तो सुमारे अडीच कोटींवर थांबला आणि प्लेस्टेशन २ पंधरा कोटींच्या पुढे गेला. २००६ मध्ये आलेला निन्टेंडोचा वी तर प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० यांच्यापुढे अगदीच अशक्त होता. त्याचे दहा कोटींहून जास्त नग खपले, बाकी दोघे नऊ कोटींच्या आतच राहिले.

यामागची कारणं सांगता येतात. प्लेस्टेशन २ वर डीव्हीडी सिनेमे दिसत, आणि आधीच्या प्लेस्टेशनच्या सीडीही चालत. एकाच खर्चात घरात दोन वस्तू येत होत्या. वीचा रिमोट हातात धरून हलवला की खेळता येई, त्यामुळे बटणांची सवय नसलेली मोठी माणसंही खेळायला बसली. कन्सोल चांगला की वाईट हे तो कुठल्या घरात, कुणाच्या हातात जाणार त्यावर ठरतं. मालवण तालुक्यातल्या मसुऱ्यासारख्या गावात तर हे फारच ठळकपणे दिसतं, कारण इथे वीज, हवा, इंटरनेट आणि घरातल्या माणसांची संख्या या चारही गोष्टी शहरापेक्षा वेगळ्या आहेत.

कोकणातल्या गावांत कन्सोल पोचला तो बहुधा चाकरमान्यांच्या सामानातून. नव्वदच्या दशकात मुंबईच्या मनीष मार्केटसारख्या बाजारांत जे मिळे ते अस्सल निन्टेंडो नसून त्याची नक्कल असे. निन्टेंडोने जुलै १९८३ मध्ये जपानात फॅमिकॉम नावाचा कन्सोल काढला, आणि पुढे त्याच्या हुबेहूब चालणाऱ्या नकला आशियाभर पसरल्या. भारतात मीडियासारख्या नावांनी त्या विकल्या जात. नाव काहीही असो, घरात त्याला ‘व्हिडिओ गेम’ आणि त्याच्या कार्ट्रिजला ‘कॅसेट’च म्हणत. त्याच सुमारास सेगाचा मेगा ड्राइव्हही भारतात रीतसर आला. १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीने तो आणला आणि किंमत होती सुमारे १८,००० रुपये. आयात कर तेव्हा ८० टक्क्यांच्या घरात होता. मेगा ड्राइव्ह सोळा बिटांचा, नक्कल आठ बिटांची. चित्र, आवाज, वेग, सगळ्यांत सेगा सरस. पण नकली कन्सोल त्याच्या किमतीच्या छोट्याशा हिश्शात मिळे, त्याच्या कॅसेटी शेजारच्या घरातूनही आणता येत आणि बिघडला तर तालुक्याच्या गावचा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा तो उघडून बघे. त्या काळातल्या कोकणी घरासाठी आठ बिटांचा कन्सोल हाच उत्तम होता, हे निःशंकपणे म्हणावं असं आहे.

त्या कन्सोलची रचना जवळून पाहण्यासारखी होती. अस्सल फॅमिकॉममध्ये प्रोसेसर आणि चित्र काढणारी चिप वेगवेगळ्या होत्या. पुढच्या नकलांत दोन्ही एकाच चिपमध्ये आल्या, ती थेट बोर्डावर चिकटवलेली आणि वरून काळ्या रेझिनचा थेंब. ही चिप जळली की कन्सोल फेकायचा, पण ती सहसा जळत नसे. बिघडे तो कॅसेटचा खाचा. साठ पिनांपैकी एखाददुसऱ्या पिनेवर खाऱ्या हवेने हिरवट थर चढे आणि पडद्यावर नुसते चौकोन दिसत. मग मुलं कॅसेटमध्ये फुंकर मारत. फुंकरीतली ओल पिनांना उलट अपायकारकच. खेळ सुरू होई तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे, कारण त्या हालचालीत धातू धातूवर घासला जाई. खरा उपाय साधा होता: कॅसेटच्या कडेची सोनेरी पट्टी खोडरबराने हलकेच घासून स्पिरिटने पुसायची.

सोबत बंदूकही असे. बदकावर नेम धरून चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होई आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे. बंदुकीच्या नळीतल्या सेन्सरला तो उजेड दिसला तर नेम बरोबर. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर चित्र रेषेरेषेने तत्क्षणी उमटत असल्यामुळेच हा हिशोब जुळे. आजच्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येतं, म्हणून तीच बंदूक तिथे चालत नाही. जपून ठेवलेला जुना कन्सोल नातवंडांना दाखवायचा असेल तर माळ्यावरचा जुना टीव्हीही जपावा लागतो.

आज निवड प्रामुख्याने तीन कंपन्यांत आहे. भारतात नोव्हेंबर २०२० मध्ये एक्सबॉक्सचे दोन नमुने आले, सिरीज एक्स ४९,९९० रुपयांना आणि सिरीज एस ३४,९९० रुपयांना. फेब्रुवारी २०२१ मध्ये डिस्कचा प्लेस्टेशन ५ आला ४९,९९० रुपयांना; बिनडिस्कच्या नमुन्याची किंमत ३९,९९० रुपये ठेवली होती. या किमती पुढे बदलत गेल्या. निन्टेंडोने मार्च २०१७ मध्ये काढलेला स्विच भारतात कंपनीने रीतसर आणलाच नाही, तो इथे व्यापाऱ्यांनी आयात केलेला मिळतो. आकड्यांच्या कोष्टकात पहिल्या दोघांपुढे स्विच उभाही राहत नाही, तरी जगभरात त्याने पंधरा कोटींचा टप्पा ओलांडला.

मसुऱ्यात पहिला प्रश्न विजेचा. गड नदीच्या काठचं हे गाव, समोर खाडी, माथ्यावर भरतगड, आणि भोवती माड-आंब्यांची दाटी. पावसाळ्यात फांदी तारेवर पडली की वीज गेली. मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळानंतर तालुक्यात कितीतरी घरांना वीज येण्यासाठी दिवसच्या दिवस वाट पाहावी लागली. प्लेस्टेशन ५ वर मोठा गेम चालू असताना तो २०० वॅटच्या आसपास वीज घेतो, टीव्हीची वेगळी. घरच्या इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे सांभाळून हा भार फार वेळ ओढणं परवडत नाही. खेळ साठवला जात असतानाच वीज गेली तर साठवलेला भाग बिघडण्याची भीती असते, आणि पुन्हा चालू करताना कन्सोल आधी स्वतःची तपासणी करत बसतो. एक्सबॉक्स सिरीज एसचा विजेचा खर्च प्लेस्टेशन ५ च्या निम्म्याहून कमी. स्विच टीव्हीला जोडूनही वीस वॅटच्या आत भागवतो, आणि वीज गेली की स्टँडवरून उचलून स्वतःच्या पडद्यावर चालू राहतो. पुढच्या सुधारित नमुन्याची बॅटरी गेमप्रमाणे साधारण साडेचार ते नऊ तास टिकते, असं कंपनी सांगते. गावच्या हिशोबात हा गुण सगळ्या मेगाहर्ट्झपेक्षा मोठा आहे.

दुसरा प्रश्न इंटरनेटचा. हल्लीचे मोठे गेम ५० ते १०० जीबीचे असतात. सेकंदाला १० मेगाबिटच्या लाइनवर ८० जीबीचा गेम उतरवायला अठरा तासांच्या आसपास लागतात, तेही लाइन एकदाही न तुटता. मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीवर त्याला चाळीस दिवस लागतील. म्हणून बिनडिस्कचे नमुने इथे घेऊ नयेत, मग ते कितीही स्वस्त असोत. सिरीज एस याच कारणाने बाद ठरतो, एरवी महिन्याची वर्गणी भरून शेकडो गेम देणारी एक्सबॉक्सची योजना ठाण्या-डोंबिवलीच्या घरात फार किफायतशीर आहे. डिस्कचा आणखी एक फायदा असा की पाच हजार रुपयांना घेतलेला गेम खेळून झाल्यावर विकता येतो किंवा मावसभावाला देता येतो. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ च्या बाबतीत मात्र सावध राहावं. त्याच्या बऱ्याच कार्डांत प्रत्यक्ष गेम नसतोच, तो उतरवून घेण्याची किल्ली तेवढी असते.

तिसरा प्रश्न हवेचा. खारा दमट वारा, जांभ्याची तांबडी धूळ, मुंग्या आणि पाली. आत पंखा असलेला कन्सोल हे सगळं ओढून घेतो. पाल बोर्डावर आडवी पडली की शॉर्ट सर्किट ठरलेलं. प्लेस्टेशन ५ साठी खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंतच असावं असं कंपनीच्या पुस्तिकेत आहे, आणि मे महिन्यात कौलारू घराच्या माडीवर दुपारी ती मर्यादा ओलांडली जाते. कन्सोल टीव्हीखालच्या बंद कप्प्यात न ठेवता उघड्यावर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवावा, वापर नसताना प्लग काढावा आणि पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी तासभर चालवावा. आतल्या उष्णतेने ओल सुकते. महिनोन्महिने बंद ठेवलेलं यंत्र चालत्या यंत्रापेक्षा लवकर खराब होतं.

राहिला माणसांचा प्रश्न, आणि निवडीत सगळ्यात जास्त वजन त्याचंच असायला हवं. वर्षभर दोन-तीन माणसांचं असलेलं घर चतुर्थीला, आंगणेवाडीच्या जत्रेला आणि मे महिन्यात भरून जातं. पाच वर्षांच्या मुलीपासून कॉलेजच्या मुलापर्यंत सगळे एकाच खोलीत. प्लेस्टेशन ५ सोबत एकच कंट्रोलर येतो, दुसरा बाजारात आला तेव्हा ५,९९० रुपयांना होता. स्विचचा कंट्रोलर दोन तुकड्यांत सुटा होतो आणि लगेच दोघं खेळू शकतात, शिवाय त्याचे गाड्यांच्या शर्यतीचे आणि मारिओचे खेळ लहानांना पहिल्या दिवशी जमतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला, भारतीय पुराणकथांवर बेतलेला ‘राजी’ हा गेमही ऑगस्ट २०२० मध्ये सर्वांत आधी स्विचवरच आला. स्विचचा एक दोष मात्र ठाऊक असावा: कंट्रोलरची कांडी काही काळाने आपोआप एका बाजूला सरकू लागते, ही तक्रार जगभर झाली, आणि भारतात कंपनीची सेवा नसल्यामुळे ती दुरुस्त करून घ्यायला खासगी कारागीरच गाठावा लागतो.

तेव्हा सणासुदीला भरणाऱ्या घरासाठी स्विच, तोही स्विच २ नव्हे तर आधीचा, आणि गेम कार्डासकट. वर्षभर गावात राहणाऱ्या, क्रिकेट आणि फुटबॉलचे गेम आवडणाऱ्या मुलासाठी डिस्कचा प्लेस्टेशन, आणि पैसे कमी असतील तर सेकंड-हँड प्लेस्टेशन ४. त्याच्या जुन्या डिस्क स्वस्तात मिळतात आणि डिस्कवरचे बहुतेक गेम इंटरनेटशिवायही खेळता येतात. सेकंड-हँड घेताना कन्सोल किमान तासभर चालवून बघावा. पंख्याचा आवाज चढत जात असेल तर आत धूळ बसलेली असते. डिस्क दोन-तीनदा घालून काढून पाहावी, मागच्या एचडीएमआयच्या खाच्यात हिरवट डाग आहेत का ते टॉर्चने बघावं, आणि आधीच्या मालकाचं खातं समोर काढून टाकल्याशिवाय पैसे देऊ नयेत.