जुने गोवे : यात्रा की धावती भेट?

३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण आणि त्याआधी नऊ दिवसांचा नोव्हेना. हे दिवस जवळ आले की सदलगा, निपाणी, चिक्कोडी भागात गोव्याच्या सहलीची बोलणी सुरू होतात. कुणीतरी पुढाकार घेतं, बस ठरते, आंबोली घाट उतरून मंडळी जुन्या गोव्यात पोचतात. चांगलीच गोष्ट आहे. पण तिथं जाऊन आपण करतो काय, हे एकदा बघायला पाहिजे.

सहलीच्या कागदावर एकाच दिवसात बासिलिका, से कॅथेड्रल, मंगेशी, समुद्रकिनारा आणि संध्याकाळी मांडवीतली बोट. जुन्या गोव्याच्या वाट्याला तास-दीड तास. गाईड चांदीची पेटी दाखवतो, शव कसं टिकलं ते सांगतो आणि 'पाऊण तासात बसपाशी या' म्हणून मोकळा होतो. म्हातारी माणसं धावतपळत निघतात. फोटो होतात, मेणबत्ती होते. गुडघे टेकायचं तेवढं राहून जातं.

झेवियर १५४२ साली गोव्यात आले. आजाऱ्यांची, कैद्यांची सेवा केली, हातात घंटा घेऊन गल्लोगल्ली मुलांना धर्मशिक्षणाला बोलावलं. १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वयाच्या ४६ व्या वर्षी गेले. ही माहिती पेटीच्या चांदीपेक्षा मोलाची आहे, पण ती सांगायला वेळच उरत नाही.

दुसरी गोष्ट. आपल्या बसमध्ये कॅथलिक असतात तसे प्रोटेस्टंटही असतात. अवशेषांचं दर्शन सगळ्यांनाच पटतं असं नाही. काहीजण बाहेरच थांबतात. पण दोघांचाही वारसा गोव्यातच आहे, आणि तो मराठी आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडचे जेझुइट १५७९ साली गोव्यात आले, चाळीस वर्षं राहिले आणि 'क्रिस्तपुराण' लिहिलं. दहा हजारांहून जास्त ओव्या! पहिल्या भागात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात प्रभू येशूचं चरित्र. १६१६ साली साष्टीतल्या राशोलला ते रोमन अक्षरांत छापलं गेलं. परक्या मुलखातला माणूस आपली भाषा शिकून आपल्याच ओवीत शुभवर्तमान सांगतो, आणि मराठी ख्रिस्ती माणसांची बस राशोलकडे वळतसुद्धा नाही! 'ख्रिस्ती झालात म्हणजे भाषा परकी झाली का?' असं विचारणाऱ्याला याहून चांगलं उत्तर कुठलं?

म्हणून सहल काढणाऱ्यांना विनंती. जुन्या गोव्याला अख्खी सकाळ द्या. मंडळीतले फादर किंवा पाळक बरोबर न्या. मिस्सा किंवा प्रार्थनेची वेळ तिथं आधीच विचारून ठेवा. बोटीऐवजी एकदा राशोल ठेवून बघा. 'क्रिस्तपुराण' देवनागरीतही छापलेलं आहे. जाताना घाटात कुणीतरी त्यातल्या चार ओव्या मोठ्यानं वाचाव्यात. गाईड हिंदीत बोलो की इंग्रजीत, आपल्या माणसांना मराठीत सांगायची तयारी आपणच करून जायची.

समुद्र बघायला पुन्हा कधीही जाता येईल. आज्जी-आजोबांचं मात्र बहुतेक एकदाच जाणं होतं. ते एकदाचं जाणं तरी यात्रा व्हावी.

— एक वाचक, सदलगा