गुळवेलीचा काढा रोज घ्यावा का? लिव्हरचं प्रकरण नेमकं काय आहे, समजून घ्या

पावसाळा सुरू झाला की ताप-सर्दीसोबत मोबाईलवर काढ्याचे मेसेजही फिरू लागतात. त्यात पहिला नंबर असतो गुळवेलीचा. बांधावरच्या लिंबावर चढलेली ही वेल फुकट मिळते, आजी-पणजीच्या काळापासून वापरात आहे आणि आयुर्वेदात तिला ‘अमृता’ असंच नाव आहे. मग तिच्यापासून धोका कसला, असं कुणालाही वाटणारच. पण गेल्या काही वर्षांत डॉक्टरांनी नोंदवलेल्या गोष्टी पाहिल्या, तर गुळवेल डोळे झाकून घेण्यासारखी नाही हे लक्षात येतं.

वाद कुठून सुरू झाला?

कोरोनाच्या काळात ‘इम्युनिटी’ वाढवायची म्हणून घरोघरी गुळवेल उकळली गेली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतल्या डॉक्टरांकडे कावीळ झालेले सहा रुग्ण आले. सहाही जणांनी गुळवेल घेतली होती. ही माहिती २०२१ मध्ये यकृतविकारांच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आणि देशभर चर्चा झाली.

केंद्राच्या आयुष मंत्रालयाने लगेच आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती का, हे तपासलंच नाही, असं मंत्रालयाचं म्हणणं होतं. सहा रुग्णांवरून एवढ्या जुन्या औषधाला बदनाम करू नये, हा मुद्दाही रास्त होता.

पण प्रकरण तिथंच थांबलं नाही. २०२२ मध्ये देशातल्या १३ रुग्णालयांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. गुळवेल सुरू केल्यापासून साधारण दीड महिन्यात त्रास सुरू झाल्याचं त्यात दिसलं. अनेकांना आधीपासूनच लिव्हरचा आजार होता.

मग खरं कोण?

दोन्ही बाजू नीट पाहायला हव्यात. लाखो लोकांनी गुळवेल घेतली आणि बहुतेकांना काहीच झालं नाही. त्यामुळे ‘गुळवेल म्हणजे विष’ असं म्हणणं चूक आहे. पण ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ हेही तितकंच चूक. काही जणांच्या शरीराला ती बाधते, हे एकापेक्षा जास्त ठिकाणच्या डॉक्टरांनी पाहिलं आहे.

असं का होत असावं? आपली रोगप्रतिकारशक्ती बाहेरच्या जंतूंशी लढते. काहींच्या शरीरात मात्र ती उलटून स्वतःच्याच लिव्हरवर हल्ला करते. गुळवेल ही शक्ती चेतवते असं मानलं जातं. म्हणून अशा माणसांत ती आगीत तेल ओतल्यासारखं काम करत असावी, असा डॉक्टरांचा अंदाज आहे.

फायद्याचं काय? प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर गुळवेलीचे बरेच प्रयोग झालेत. माणसांवरचे चांगले प्रयोग मात्र थोडे आणि लहान आहेत. २००५ मध्ये ॲलर्जीच्या सर्दीच्या ७५ रुग्णांवर आठ आठवडे प्रयोग झाला, त्यात आराम दिसला. पण रोज काढा घेतल्याने धडधाकट माणूस आजारीच पडत नाही, असं सिद्ध झालेलं नाही.

सारखी दिसणारी दुसरी वेल

फेब्रुवारी २०२२ मध्ये आयुष मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याचं पुन्हा सांगितलं, पण एक इशाराही दिला. गुळवेलीसारखीच दिसणारी ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’ नावाची वेल घातक ठरू शकते. तिच्या करड्या खोडावर दाट गाठी असतात आणि चीक दुधासारखा निघतो. खऱ्या गुळवेलीचं खोड हिरवट असतं, त्यावर अशा गाठी नसतात आणि दुधाळ चीकही नसतो. पण वाळलेले तुकडे किंवा पावडर हातात आली, तर हा फरक ओळखायचा कसा?

गावाकडे हा प्रश्न फक्त काढ्यापुरता नाही. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात कातकरी समाजातले तरुण गुळवेल गोळा करून औषध कंपन्यांना विकतात. वेलीची ओळख चुकली, तर पिणाऱ्याचं नुकसान आणि गोळा करणाऱ्याच्या मालाचंही नाव खराब.

काय काळजी घ्याल?

- लिव्हरचा आजार, पूर्वी झालेली कावीळ, रोजची दारू, संधिवात किंवा थायरॉईडसारखा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेल घेऊ नका.
- गुळवेलीने साखर कमी होऊ शकते. शुगरच्या गोळ्या चालू असतील तर आधी विचारा.
- गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी आपल्या मनाने घेऊ नये.
- घ्यायचीच असेल तर शिकलेल्या वैद्याकडून प्रमाण आणि किती दिवस घ्यायची हे ठरवून घ्या. महिनोन्‌महिने चालू ठेवू नका.
- डोळे पिवळे दिसणं, लघवी गडद होणं, भूक मरणं, अंगाला खाज किंवा फार थकवा जाणवला, तर काढा लगेच बंद करा आणि दवाखान्यात जाऊन लिव्हरची रक्ततपासणी करून घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डॉक्टरांपासून काढा लपवू नका. ‘कोणतं औषध चालू आहे?’ असं विचारल्यावर बरेच जण फक्त गोळ्यांची नावं सांगतात, कारण काढ्याला कुणी औषध समजतच नाही. पण गुण देणारी वेल औषधच असते, आणि औषध म्हटलं की प्रमाण आणि पथ्य आलंच.