दुसऱ्या वेळची पत
पेठ आणि पेढी : ‘पेढीकर’, हिवरखेड

स्वकष्टाने उभारलेला व्यवसाय ज्याच्या हातून भागीदारांच्या कलहात अथवा कर्जापायी गेला, त्या इसमाकडे आपल्या पेठेत ज्या नजरेने पाहिले जाते ती मला मनापासून खटकते. जिन लिलावात निघाला म्हणजे कापसाची प्रत बोटांनी ओळखण्याची त्याची विद्याही लिलावात निघाली असे गृहीत धरून, कालपर्यंत शब्दावर माल सोडणारे लोक आज त्याच्याकडे जामीन मागतात.

धुंडिराज गोविंद फाळके यांचे चरित्र चित्रपटाच्या इतिहासात सांगितले जाते; माझ्या मते ते पतपेढीच्या दप्तरीही असावे. लोणावळ्यास त्यांनी स्थापिलेला आणि पुढे दादरला ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ म्हणून नावारूपास आलेला छापखाना, ज्याच्या यंत्रांसाठी ते १९०९ साली जर्मनीस जाऊन आले होते, तो भागीदारांशी बेबनाव होताच त्यांनी सोडला, आणि सोडताना मोबदल्यावर हक्कही सांगितला नाही. चाळिशीच्या उंबरठ्यावर, पदरी मुलेबाळे असताना ते रिकाम्या हाताने बाहेर पडले. चलच्चित्राचा ध्यास घेऊन, विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून, १९१२ मध्ये ते लंडनला जाऊन तंत्र शिकून आले. परंतु चित्रपटाचे भांडवल तारणावाचून देणार कोण? तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्याच्यापुढे कॅमेरा रोवला, आणि महिनाभराहून अधिक काळ नित्य थोडेथोडे चित्रण करून, दाण्यातून अंकुर फुटून वेल वर चढतो आहे असे क्षणार्धात दिसावे अशी एक लहानशी फीत तयार केली. ती निवडक मंडळींना दाखवल्यावर कर्ज मिळाले. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, शिवाय कोऱ्या फितीच्या कडांना रात्री अंधारात बसून छिद्रे पाडली; ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

धनकोंनी येथे सातबारा पाहिला नाही, वानगी पाहिली. आपल्याकडे गाडीतला मूठभर कापूस हातात घेऊन आख्ख्या गाडीची बोली होते, मग तोच न्याय माणसाला का लागू नये?

पुढे १९१८ साली स्थापलेली हिंदुस्थान फिल्म कंपनीही भागीदारांच्या वादात त्यांना सोडावी लागली. काशीस जाऊन त्यांनी ‘रंगभूमी’ नाटक लिहिले, आणि काही काळाने त्याच कंपनीत ते परतले. पुनरुत्थान दर वेळी संपूर्ण होतेच असे नाही, हेही धनकोने जाणून असावे.

ठेवीदारांचा पैसा जोखमीत घालू नये, हा आक्षेप रास्त आहे, म्हणूनच रक्कम लहान हवी. आपल्या पतसंस्थांच्या संचालकांनी कापसाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी एवढा ठराव करावा : व्यवसाय गमावलेल्या अर्जदाराने नव्या कामाचा नमुना आणि एखादी लेखी मागणी समक्ष दाखल केल्यास, मालमत्तेच्या तारणावाचून त्याला एका हंगामापुरते खेळते भांडवल द्यावे, आणि जुन्या दिवाळ्याचे कारण लिहून अर्ज फेटाळू नये.