हजेरीपटावरचे नाव



तुमच्या वर्गात एखाद्याची जागा बरेच दिवस रिकामी राहिली, तर तुम्ही काय करता? पहिले दोन दिवस चौकशी करता. तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्या जागेवर आपले दप्तर ठेवतो. आठवड्याने ती जागा दुसऱ्याची होऊन जाते. शिक्षकांचेही असेच होते. माझ्या हातून झालेली चूक मी तुम्हांला सांगते.

मी मालेगावात शिकवत असताना नववीतील एक मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत आलीच नाही. मी रोज हजेरी घेत होते आणि तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण करत होते. दीड महिन्याने मी शेरा लिहिला, 'शाळा सोडली असावी.' मोठ्या झालेल्या मुली मध्येच शाळा सोडतात, हे पाहण्याची मला सवय झाली होती. म्हणून तिच्या घरी जाऊन विचारावे, असे माझ्या मनातही आले नाही. मग एके दिवशी तिचे वडील आले. ते यंत्रमागावर काम करत. हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि तीत दवाखान्याचे कागद. मुलीला रक्ताचा कॅन्सर झाला होता. ती आईबरोबर मुंबईला होती. ते म्हणाले, "बाजी, ती रोज एकच विचारते. शाळेत माझे नाव आहे की काढले?"

मला फार लाज वाटली. मी तो शेरा खोडला.

आता या आजाराविषयी थोडे समजून घ्या. आपले रक्त हाडांच्या आतील मगजात तयार होते. रक्ताच्या कॅन्सरमध्ये तेथे बिघडलेल्या पेशी बेसुमार वाढतात आणि चांगल्या पेशींना जागा उरत नाही. त्यामुळे मूल फिकट दिसते, सारखा ताप येतो, अंगावर काळेनिळे डाग उठतात. हा आजार शेजारी बसल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने किंवा एकमेकांची वही घेतल्याने होत नाही. औषधांमुळे केस गळतात, पण उपचार संपल्यावर बहुधा पुन्हा येतात. हे मुद्दाम सांगते, कारण शाळेत परतलेल्या मुलाच्या टोपीला किंवा मुलीच्या ओढणीला हात घालणारे महाभाग प्रत्येक वर्गात एकदोन असतातच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलांना आणि किशोरांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरे होतात. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत मात्र ३० टक्केही बरे होत नाहीत. आजार तोच, मग एवढा फरक का? रोग उशिरा ओळखला जातो, औषधे मिळत नाहीत किंवा परवडत नाहीत, हे खरे. पण आणखी एक कारण आहे. पुष्कळ कुटुंबे उपचार अर्ध्यावर सोडतात. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरचे उपचार दोन वर्षांहून अधिक चालतात. एवढे दिवस मुंबईत राहायचे कोठे? कामावर न गेलेल्या बापाला मजुरी कोण देणार? घरी राहिलेल्या लहान भावंडांना कोण सांभाळणार?

येथे डॉक्टरांखेरीज इतरांची मदत लागते. मुंबईत परळ येथे १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय आहे. बाहेरगावाहून तेथे येणाऱ्या रुग्णांसाठी दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. सेंट जूड इंडिया ही संस्था २००६ पासून कॅन्सर झालेल्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना विनामूल्य राहायला जागा देते. उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर डब्यात भाडे पडत नाही आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. त्या मुलीचे वडील मात्र पहिले काही महिने मनमाडहून पूर्ण भाडे भरून जात होते. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक असतात. अशी माहिती देणे आणि अर्ज भरून देणे हे त्यांचेच काम. तुमच्या ओळखीत कोणाला गरज पडली, तर आधी त्यांची खोली कोठे आहे ते विचारा.

तुमच्या वयाच्या रुग्णांची अडचण निराळीच असते. मुलांच्या विभागात भिंतीवर ससे आणि फुगे रंगवलेले असतात. मोठ्यांच्या विभागात सगळे वयस्क. पंधरा वर्षांच्या मुलीने जायचे कोठे? इंग्लंडमध्ये हा प्रश्न ओळखून १९९० साली लंडनच्या एका रुग्णालयात केवळ किशोरवयीनांसाठी वेगळा विभाग सुरू झाला. आपल्याकडेही चांगले प्रयत्न झाले आहेत. टाटा रुग्णालयात १९९१ पासून उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी वेगळा तपासणी विभाग आहे. लहानपणी कॅन्सर होऊन बरे झालेल्या तरुणांचा 'उगम' नावाचा गट २००९ साली इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने उभा राहिला. स्वतः बरा झालेला मुलगा समोर बसून बोलतो, तेव्हा घाबरलेल्या मुलाला जो धीर येतो, तो आम्हां शिक्षकांच्या शंभर उपदेशांनी येत नाही. कॅनकिड्स या संस्थेने तर मुंबईत अशा मुलांसाठी 'कॅनशाळा' सुरू केली.

तरीही माझे मत असे, की मुलाची स्वतःची शाळा जे करू शकते, ते दुसरे कोणी करू शकत नाही. आणि तेथेच आपण सर्वांत कमी पडतो.

आपण अयादतीला जातो. आजाऱ्याची विचारपूस करणे ही आपली फार चांगली रीत आहे. पण औषधांमुळे रुग्णाची रोगाशी लढण्याची शक्ती कमी झालेली असते. पंधरा जण एकदम खोलीत शिरले आणि त्यांतील एकाला सर्दी असली, तरी ते जिवावर बेतू शकते. शिवाय पाहुणे रडतात, आईच्या कानात कुजबुजतात. त्या मुलीच्या आईने आजाराचे नाव शेजाऱ्यांपासून लपवले होते, कारण मोठ्या बहिणीचे लग्न ठरायचे होते! ती भीती आपल्यासारख्यांच्या कुजबुजण्यातूनच आलेली असते. तेव्हा अयादत जरूर करा, पण फोनवर करा, चिठ्ठी लिहून करा.

आम्ही शेवटी एवढेच केले. चार मुलींनी विषय वाटून घेतले आणि धडे, गणिते दुसऱ्या वहीत उतरवली. दर पंधरा दिवसांनी तिचे वडील त्या वह्या मुंबईला नेत. एका मुलीने वहीच्या मागच्या पानांवर वर्गातील भांडणे सविस्तर लिहायला सुरुवात केली. नंतर कळले, की ती पाने आधी वाचली जात आणि भूगोल नंतर. मी काही बोलले नाही.

ती एक वर्ष उशिरा दहावीला बसली. निकालाच्या दिवशी ओढणी सारखी करत माझ्याकडे आली आणि पहिले वाक्य बोलली ते असे, "बाजी, भूमितीच्या वहीत दोन प्रमेये उतरवलीच नव्हती. त्यातलेच एक पेपरात आले."